ऑग्डेनचा शस्त्रशिल्पी : जॉन मोझेस ब्राउनिंग

२१ डिसेंबर १९०९ ची रात्र. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन यांना निरोप देण्यासाठी तो योजला होता. जॅक्सन नाट्यगृहात शिरत असतानाच अनंत कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच्या हातातील पिस्तूल फार दूरवरून आलेले होते. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून जी वीस पिस्तुले हिंदुस्थानात धाडली, त्यांपैकी ते एक. पुढे कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले, तर सावरकरांच्या वाट्याला अंदमान आले. महाराष्ट्राच्या इतिहासाला वळण देणाऱ्या त्या वीस पिस्तुलांवर नाव होते ब्राउनिंग यांचे. हे नाव ज्या माणसाचे, तो कोणत्याही क्रांतीशी वा राजकारणाशी संबंध नसलेला, अमेरिकेच्या युटा प्रांतातील एका लहान गावाचा अबोल कारागीर होता.

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म जानेवारी १८५५ मध्ये ऑग्डेन येथे झाला. वडील जोनाथन ब्राउनिंग हे मूळचे टेनेसीचे. बंदुका घडविणे आणि दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय होता. मॉर्मन पंथ स्वीकारल्यानंतर छळाला तोंड देत, पंथबांधवांच्या मागोमाग वाळवंट तुडवत ते १८५२ मध्ये युटात पोहोचले. तीन पत्नी आणि बावीस मुले अशा या विस्तीर्ण कुटुंबाचे पोट जोनाथन यांच्या कारखान्यावर चालत असे. जॉनचे बालपण त्याच कारखान्यात, मोडक्या बंदुकांच्या ढिगाऱ्यात गेले. शालेय शिक्षण बेताचेच झाले. मात्र कोणता तुकडा कोणत्या बंदुकीचा आणि तो तेथे कशासाठी असतो, हे त्या मुलाला अक्षरओळखीइतक्याच सहजतेने समजू लागले. किशोरवयातच त्याने भंगारातील सामानातून धाकटा भाऊ मॅट याच्यासाठी एक बंदूक तयार केली.

१८७९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. त्या वर्षी वडील वारले, जॉन यांचा विवाह झाला आणि एकबारी रायफलीचे पहिले पेटंटही त्यांना मिळाले. भावांनी मिळून ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना थाटला. आडगावात तयार होणारी ही रायफल विंचेस्टर कंपनीच्या नजरेस पडली आणि १८८३ मध्ये कंपनीचे टी. जी. बेनेट दूरचा प्रवास करून ऑग्डेनला आले. आठ हजार डॉलरला रायफलीचे हक्क विकले गेले. पुढील एकोणीस वर्षे ब्राउनिंग यांनी आराखडे करावेत आणि विंचेस्टरने ते विकत घ्यावेत, असा क्रम चालला. प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत, एवढ्यासाठीच कंपनीने कित्येक आराखडे घेऊन कपाटात ठेवले. मधली दोन वर्षे ब्राउनिंग यांनी बंदुका बाजूला ठेवून जॉर्जिया प्रांतात पंथाच्या धर्मप्रचाराचे काम केले. रायफलींचे वैभव विंचेस्टरला देणारे ब्राउनिंग जगाच्या घराघरांत पोहोचले ते मात्र पिस्तुलामुळे.

त्या काळी हातात धरून झाडायचे शस्त्र म्हणजे रिव्हॉल्व्हर. सॅम्युएल कोल्ट यांनी १८३६ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले होते. पाच-सहा काडतुसे सामावणारे फिरते चक्र हे त्याचे बलस्थान आणि तीच त्याची अडचण. रचना साधी असल्याने ते सहसा दगा देत नसे. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे काडतूस समोर येते. पण चक्राच्या जाडीमुळे ते खिशात फुगून दिसे आणि गोळ्या संपल्यावर पुन्हा भरण्यास वेळ लागे. गोळी सुटताना बसणारा धक्का वाया का जावा, त्याच शक्तीने रिकामे काडतूस बाहेर फेकून नवे आत का घेऊ नये, या विचाराने १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील अनेक संशोधक झपाटलेले होते. जर्मनीत बोर्खार्ट आणि माउझर यांची स्वयंभरण पिस्तुले बाजारात आलीही. ती अवजड आणि बेढब होती.

ब्राउनिंग यांनी नळीला वरून कवेत घेणारी, मागेपुढे सरकणारी पोलादी ‘स्लाइड’ योजली आणि काडतुसांचे मॅगझिन मुठीच्या पोकळीत बसविले. पिस्तूल एकदम सडपातळ झाले. १८९७ मध्ये या कल्पनांना पेटंटे मिळाली. आज जगात तयार होणारी बहुतेक पिस्तुले याच आकृतिबंधावर उभी आहेत. त्यातही त्यांनी दोन वाटा आखल्या. काडतूस सौम्य असेल तर स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावर धक्का पेलता येतो, त्यामुळे रचना सुटसुटीत राहते. काडतूस जबर असेल तर गोळी बाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकवून ठेवावी लागतात. कामाप्रमाणे काडतूस आणि काडतुसाप्रमाणे यंत्रणा, या सूत्रावर त्यांची पुढील सारी पिस्तुले बेतलेली आहेत.

अंगावर बाळगण्याच्या शस्त्रात पहिली कसोटी आकाराची. ते कपड्यांत अडकता कामा नये, बाहेरून दिसता कामा नये आणि चुकून उडता कामा नये. बेल्जियममधील लिएज शहरालगतच्या एर्स्ताल गावी एफएन नावाचा शस्त्र कारखाना १८८९ पासून होता. त्याने ब्राउनिंग यांचे ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल तयार करण्यास घेतले. ‘मॉडेल १९००’ या नावाने ओळखले जाणारे हे पिस्तूल युरोपभर इतके खपले, की फ्रेंच भाषेत ‘ब्राउनिंग’ हा शब्द पिस्तुलाचे सामान्यनामच होऊन बसला. पाठोपाठ अमेरिकेत कोल्ट कंपनीने १९०३ मध्ये घोडा स्लाइडच्या आत दडविलेले खिशातले पिस्तूल बाजारात आणले. बाहेर आलेला घोडा कपड्यात अडकण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यानंतरचे ६.३५ मिलिमीटरचे पिस्तूल तर कोटाच्या आतल्या बंडीच्या खिशात मावेल एवढे, अवघे ३७० ग्रॅमच्या आसपास वजनाचे. पण या लहानपणाची किंमतही होती. दोन इंची नळीमुळे दूरचा नेम कठीण आणि गोळीचा जोर बेताचा. शस्त्र जितके लपविण्यास सोपे, तितके ते चालविण्यास अवघड, हा हिशेब ब्राउनिंग यांनाही चुकविता आला नाही.

घराच्या रक्षणासाठी ठेवायच्या शस्त्राचे गणित वेगळे. ते खिशात मावण्याची गरज नसते. उलट थोडे वजन असले तर धक्का कमी जाणवतो, आणि लांब नळीमुळे नेम सुधारतो. मात्र मध्यरात्री झोपेतून उठलेल्या, घाबरलेल्या माणसाला ते चालविता आले पाहिजे. म्हणूनच पिस्तुलांचा बोलबाला होऊनही साधे रिव्हॉल्व्हर कित्येक घरांत दीर्घकाळ टिकून राहिले. ब्राउनिंग यांनी आपल्या अनेक पिस्तुलांच्या मुठीत मागच्या बाजूस एक कळ बसविली. मूठ घट्ट धरल्याखेरीज चाप ओढलाच जाऊ नये, अशी ही योजना. तरीही घरातील शस्त्राचा धोका कोणत्याही कळीने पुरता टळत नाही. शस्त्र असलेल्या घरांत खुनाचा धोका अधिक आढळतो, असा निष्कर्ष १९९३ मध्ये अमेरिकेतील आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून निघाला आणि त्यावरचा वाद तेथे आजही शमलेला नाही.

नेमबाजीच्या मैदानावर या दोन्ही गरजा गैरलागू ठरतात. तेथे हवी अचूकता. पुढची माशी आणि मागची खाच यांत जितके अंतर अधिक, तितकी हाताची चूक डोळ्याला लवकर दिसते, म्हणून नळी लांब. धक्का जितका कमी, तितका मनगटाला थकवा कमी, म्हणून काडतूस हलके. कोल्ट कंपनीने १९१५ मध्ये ब्राउनिंग यांच्या रचनेचे .२२ बोअरचे पिस्तूल काढले. साडेसहा इंची सडसडीत नळी, सौम्य आणि स्वस्त काडतूस, दहा गोळ्यांचे मॅगझिन. १९२७ मध्ये त्याचे ‘वुड्समन’ असे नामकरण झाले आणि १९७७ पर्यंत त्याचे उत्पादन चालू राहिले. नेमबाजांच्या कित्येक पिढ्यांनी या पिस्तुलावर हात बसविला.

या तिन्हींहून निराळी कसोटी लष्कराची. फिलिपिन्समधील लढायांत .३८ बोअरचे रिव्हॉल्व्हर अपुरे पडल्याचा अनुभव अमेरिकी सैन्याने घेतला होता. त्यातून .४५ बोअरच्या पिस्तुलाची मागणी पुढे आली. मार्च १९११ मधील अंतिम चाचणीत प्रत्येक पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडण्यात आल्या. ब्राउनिंग स्वतः हजर होते. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल अनेकदा अडले, ब्राउनिंग यांचे एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी ते सैन्याने स्वीकारले. सुमारे १.१ किलो वजन, पाच इंची नळी आणि मॅगझिनमध्ये सात गोळ्या असे हे ‘एम १९११’ दोन महायुद्धे, कोरिया आणि व्हिएतनाम पाहून १९८५ पर्यंत अमेरिकी सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले.

यश असे चढत असतानाच ब्राउनिंग यांच्या नावाला एक काळी किनार लागत होती. नाशिकच्या घटनेला पाच वर्षेही झाली नव्हती. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिप याने ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल ब्राउनिंग यांच्याच ‘मॉडेल १९१०’ जातीचे, एर्स्तालच्या कारखान्यात घडलेले. खिशात सहज लपावे हा त्याचा मुख्य गुण, आणि त्या सकाळी नेमका तोच गुण कामी आला. त्यातून पेटलेल्या महायुद्धात ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात जर्मन फौजा लिएजवर कोसळल्या आणि ज्या कारखान्याने ते पिस्तूल तयार केले, तोच शत्रूच्या ताब्यात गेला. इतिहासातील योगायोग इतके क्रूर क्वचितच असतात.

अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली, तेव्हा तिच्यापाशी पुरेशा मशीनगन नव्हत्या. ब्राउनिंग यांनी तयार ठेवलेल्या मशीनगनने चाचणीत न थांबता ४८ मिनिटे मारा केला. ती मशीनगन आणि सैनिकाला एकट्याने वाहून नेता येणारी स्वयंचलित रायफल या दोन्ही सरकारने स्वीकारल्या. पेटंटाच्या हिशेबाने कितीतरी अधिक रक्कम मिळाली असती, पण साडेसात लाख डॉलरवर त्यांनी समाधान मानले. त्यांचे पुत्र व्हॅल हे लेफ्टनंट म्हणून वडिलांचीच रायफल घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर लढले.

युद्धानंतर ब्राउनिंग पुन्हा पिस्तुलाकडे वळले. फ्रान्सच्या सैन्याला अधिक गोळ्या मावणारे पिस्तूल हवे होते. त्यावर त्यांचे काम चालू असतानाच २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एर्स्तालच्या कारखान्यात, व्हॅल यांच्या कार्यालयात, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ७१ वर्षे. १२८ पेटंटे नावावर असलेल्या या माणसाचा मृत्यूही यंत्रांच्या सान्निध्यातच व्हावा, यात नवल नव्हते. बेल्जियन संशोधक द्यूदोने सेव्ह यांनी ते काम तडीस नेले आणि १९३५ मध्ये तेरा गोळ्यांचे ‘हाय पॉवर’ पिस्तूल आकारास आले. दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या कमरेला होते. भारतीय सैन्याचे ९ मिलिमीटरचे पिस्तूलही याच घराण्यातील असून ते पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होऊ लागले.

भारतीय नागरिकाचा मात्र या पिस्तुलांशी संबंध कायद्याच्या चौकटीतूनच येतो. कान्हेरे यांच्या काळी १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई होती. परक्या सत्तेचा अविश्वास त्या कायद्यात स्पष्ट दिसे. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला, पण परवान्याचे बंधन ठेवले. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. लष्करी वापराची ९ मिलिमीटर आणि .४५ ही बोअर नागरिकांना निषिद्ध आहेत. आत्मसंरक्षणासाठी परवाना मिळालेला माणूस सरकारी कारखान्याचे .३२ बोअरचे पिस्तूल घेतो. त्यात जे काडतूस बसते, ते ब्राउनिंग यांनी शतकापूर्वी आपल्या पहिल्या पिस्तुलासाठी योजलेले ७.६५ मिलिमीटरचेच होय.

ब्राउनिंग यांनी कोणाला शत्रू मानून शस्त्र घडविले नाही. खिसा, घर, मैदान आणि रणांगण या चारही ठिकाणच्या गरजा त्यांनी कारागिराच्या निर्लेप नजरेने पाहिल्या आणि प्रत्येकीला साजेसे उत्तर पोलादात दिले. चाप कोणाच्या बोटाखाली येईल, हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते. म्हणूनच त्यांच्या एका पिस्तुलाची आठवण नाशिकमध्ये हौतात्म्याशी जोडलेली राहिली, दुसऱ्याची सारायेव्होत महासंहाराशी, तर तिसरे नेमबाजांच्या हातात कागदी लक्ष्याचा वेध घेत राहिले.