ज्या लेक्चर्सबद्दल फाइनमन स्वतःच निराश होते, ती आज जगभर फुकट वाचली जातात

फिजिक्स शिकणाऱ्या पोरांना 'द फाइनमन लेक्चर्स ऑन फिजिक्स' हे नाव कुठं ना कुठं भेटतंच. तीन जाडजूड खंड, आणि आज तिन्ही इंटरनेटवर मोफत. पण ही लेक्चर्स ज्यांनी दिली, त्यांना स्वतःला ती जमली असं वाटत नव्हतं.

रिचर्ड फाइनमन यांचा जन्म १९१८ चा, न्यूयॉर्कमधला. वडील युनिफॉर्मच्या धंद्यात. पोरगं शाळकरी वयातच लोकांचे रेडिओ दुरुस्त करून द्यायचं. पुढे एमआयटी, प्रिन्स्टन आणि मग लॉस अलामोसला अणुबॉम्बचा प्रकल्प. तिथं काम सुरू असतानाच १९४५ मध्ये त्यांच्या पत्नी आर्लिन टीबीनं गेल्या.

युद्धानंतर कॉर्नेल, मग कॅलिफोर्नियातलं कॅलटेक. मधल्या काळात ते ब्राझीलला शिकवायला गेले आणि तिथं त्यांना एक गोष्ट खटकली. पोरांना प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची व्याख्या तोंडपाठ. पण खिडकीबाहेर समुद्राच्या पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश तसाच असतो का, या प्रश्नावर सगळे गप्प. घोकंपट्टी म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. जाताना फाइनमननी भर सभेत सांगून टाकलं की, इथं विज्ञान शिकवलंच जात नाही.

कॅलटेकमध्ये अडचण निराळी होती. मुलं क्वांटम, रिलेटिव्हिटी अशी स्वप्नं घेऊन यायची आणि पहिली दोन वर्षं उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्यांची गणितं सोडवत बसायची. म्हणून १९६१ मध्ये पहिल्या वर्षाचा अख्खा कोर्स फाइनमनकडे सोपवला गेला. पुढच्या वर्षी तीच बॅच दुसऱ्या वर्षाला गेली, तिलाही त्यांनीच शिकवलं. प्रत्येक लेक्चर टेप व्हायचं, फळ्याचे फोटो निघायचे. रॉबर्ट लेटन आणि मॅथ्यू सँड्स यांनी त्यातून पुस्तकं उभी केली. आजच्या भाषेत सांगायचं तर कंटेंट रेकॉर्ड करून ठेवला.

पण परीक्षेचे पेपर पाहून फाइनमन खट्टू झाले. डझन-दोन डझन पोरांना जवळपास सगळं उमगलं होतं, बाकीच्यांपर्यंत मात्र आपण पोचलो नाही असं त्यांना वाटलं. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी हे लपवलं नाही. लेक्चर एकतर्फी असतं, समोरच्याला काय कळलं ते बोलणाऱ्याला समजतच नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर बसून वाद घालतात ते खरं शिक्षण, असं त्यांचं मत होतं. (व्हिडिओ लेक्चर दुप्पट स्पीडनं बघणाऱ्यांनी इथं क्षणभर थांबायला हरकत नाही.)

१९६५ मध्ये नोबेल मिळालं. पण त्यानंतरचा एक छोटा प्रसंग जास्त बोलका आहे. १९७५ मध्ये एका विद्यार्थिनीनं पत्र पाठवलं. फाइनमनच्या पुस्तकावर विसंबून तिनं परीक्षेत उत्तर लिहिलं होतं आणि तिचे मार्क कापले गेले होते. फाइनमननी तपासलं तर चूक त्यांचीच होती. त्यांनी ती कबूल केली, पण मार्क कापणारे प्राध्यापक बरोबर आहेत हेही कळवलं. पुस्तकापेक्षा तर्कावर विश्वास ठेवायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं.

१९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेच्या चौकशीत रबराची रिंग बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवणारे तेच. १९८८ मध्ये कॅन्सरनं ते गेले, तेव्हा वेब जन्मायचं होतं.

पुस्तकातल्या शेकडो चुका सुधारण्याचं काम पुढे मायकेल गॉटलिब यांनी अंगावर घेतलं. रुडॉल्फ फायफर यांच्या साथीनं समीकरणं आणि आकृत्या नव्यानं बसवल्या गेल्या. २०१३ मध्ये पहिला खंड कॅलटेकच्या साइटवर खुला झाला, पाठोपाठ उरलेले दोन. समीकरणं मोबाइलवर मोठी केली तरी फाटत नाहीत. नंतर मूळ टेप आणि फळ्याचे फोटोही तिथं आले. डाउनलोड मात्र करता येत नाही, साइटवरच वाचावं लागतं. आणि चूक सापडली तर कळवायची सोय आजही आहे.