विश्लेषण : पलंगाला ईझल, डोक्यावर आरसा... पाठ मोडल्यावर अंथरुणातले महिने फ्रिडा काहलोनं कसे काढले?

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात एका चित्राला ५ कोटी ४७ लाख डॉलर मिळाले. स्त्री चित्रकाराच्या कलाकृतीला लिलावात त्याआधी कधीच एवढी रक्कम मिळाली नव्हती. चित्राचं नाव आहे 'स्वप्न', आणि त्याचं दुसरं नाव 'पलंग'. १९४० मध्ये रंगवलेल्या या चित्रात एक बाई चार खांबांच्या पलंगावर झोपली आहे, पलंग ढगांत तरंगतोय आणि वरच्या छतावर एक सांगाडा आडवा पडलाय.

ही बाई म्हणजे मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो. पलंग ही वस्तू तिच्या चांगलीच ओळखीची होती. तिच्या ४७ वर्षांच्या आयुष्यातला बराच काळ पलंगावरच गेला आणि चित्रकलेची खरी सुरुवातही तिथेच झाली. अपघातानं तिला चित्रकार बनवलं, असं समाजमाध्यमांवरच्या प्रेरणादायी पोस्टमध्ये नेहमी वाचायला मिळतं. पण नुसत्या अपघातानं कुणी चित्रकार होत नाही. मग त्या घरात नेमकं काय घडलं?

अपघात कसा झाला?

फ्रिडाचा जन्म ६ जुलै १९०७ चा, मेक्सिको सिटीजवळच्या कोयोआकान इथला. सहाव्या वर्षी तिला पोलिओ झाला. काही महिने ती अंथरुणाला खिळली आणि उजवा पाय कायमचा बारीक राहिला. शाळेतली मुलं तिला चिडवायची.

१९२२ मध्ये तिला 'नॅशनल प्रिपरेटरी' या देशातल्या नावाजलेल्या संस्थेत प्रवेश मिळाला. सुमारे २ हजार विद्यार्थ्यांमध्ये मुली होत्या अवघ्या ३५. तिला डॉक्टर व्हायचं होतं. चित्रकार होण्याचा विचार तेव्हा तिच्या मनात नव्हता.

१७ सप्टेंबर १९२५ च्या दुपारी ती मित्र आलेहांद्रो गोमेझ आरियास याच्यासोबत घरी निघाली होती. छत्री विसरल्याचं लक्षात आल्यानं दोघं आधीच्या बसमधून उतरले आणि दुसरी बस पकडली. त्या बसला ट्रामची धडक बसली. काही प्रवासी दगावले. बसमधला लोखंडी कठडा फ्रिडाच्या ओटीपोटात आरपार घुसला. पाठीचा कणा ३ ठिकाणी मोडला, कटीची हाडं ३ ठिकाणी मोडली, गळ्याचं हाड आणि बरगड्याही तुटल्या. उजव्या पायाला तर ११ फ्रॅक्चर झाली. तेव्हा ती १८ वर्षांची होती.

घरी आणल्यावर काय परिस्थिती होती?

रेडक्रॉसच्या रुग्णालयात ती महिनाभर होती. आईवडिलांना एवढा धक्का बसला होता की सुरुवातीला तिच्याजवळ थांबली ती थोरली बहीण मातिल्दे. महिन्यानंतर फ्रिडाला कोयोआकानच्या घरी आणलं गेलं.

घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. वडील गिलेर्मो काहलो मूळचे जर्मनीचे, व्यवसायानं छायाचित्रकार. मेक्सिकन क्रांतीआधी त्यांच्याकडे सरकारी इमारतींची छायाचित्रं काढण्याचं चांगलं काम होतं. १९१० च्या क्रांतीनंतर ते गेलं. त्यात मुलीच्या उपचारांचा खर्च आला आणि घर गहाण पडलं.

शहरातल्या मित्रमंडळींना कोयोआकान लांब पडायचं. रुग्णालयात भेटायला येणारे घरी मात्र कमी येऊ लागले. फ्रिडा आलेहांद्रोला पत्रं लिहायची. पत्र लिहायचं आणि उत्तराची वाट बघायची, हा त्या दिवसांतला मोठा उद्योग होता.

तीनेक महिन्यांत ती उठून चालायला लागली. सगळ्यांना वाटलं, संपलं एकदाचं. पण १९२६ मध्ये दुखणं पुन्हा उलटलं. कण्याचे मणके जागेवरून सरकलेले आहेत आणि ही गोष्ट आधीच्या उपचारांत नीट लक्षातच आली नव्हती, हे तेव्हा उघड झालं. मग प्लास्टरचं कॉर्सेट घालून पुन्हा अंथरूण. पहिल्या वेळी 'लवकर बरं व्हायचंय' ही आशा तरी होती. दुसऱ्या वेळी पाठ किती दिवस घेणार हे सांगणं कठीण होतं. डॉक्टर होण्याचं स्वप्नही तिथेच मागे पडलं.

चित्रकला आली कुठून?

ती एकाएकी आली नाही. वडिलांच्या स्टुडिओत फ्रिडा लहानपणापासून जायची. फोटो काढणं, धुणं आणि बारीक ब्रशनं त्यांवर रंगकाम करणं तिनं तिथेच शिकून घेतलं होतं. अपघाताआधी काही काळ ती वडिलांच्या ओळखीतले मुद्रक फर्नांडो फर्नांडेझ यांच्याकडे कामालाही होती. त्यांनी तिला स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न यांच्या छापील चित्रांच्या नकला काढायला दिल्या होत्या. थोडक्यात, हात तयार होता. नव्हता तो वेळ, आणि आता वेळच वेळ होता.

वडिलांकडे तैलरंगांची एक पेटी होती. ते स्वतः हौसेनं चित्रं काढायचे. ती पेटी आणि ब्रश फ्रिडाकडे आले.

झोपून चित्र काढायचं कसं?

अडचण इथे होती. नेहमीच्या ईझलसमोर उभं राहावं लागतं किंवा बसावं तरी लागतं. प्लास्टरमध्ये जखडलेल्या मुलीला दोन्ही शक्य नव्हतं. पाठीवर पडून कागद वर धरला तर हात काही मिनिटांतच भरून येतो. झोपून मोबाइल बघणाऱ्या कुणालाही हे सांगायची गरज नाही.

यावर तोडगा काढला तो आईनं. मातिल्दे काल्देरोन यांनी सुताराकडून पलंगाला लावता येईल असं खास ईझल बनवून घेतलं. कॅनव्हासचा भार ईझलवर गेला आणि हाताला फक्त ब्रशचं काम उरलं. फ्रिडाचा पलंग चार खांबांचा, वर छत असलेला होता, आपल्याकडच्या जुन्या मच्छरदाणीच्या पलंगासारखा. त्या छताच्या आतल्या बाजूला आरसा बसवला गेला.

हा आरसा महत्त्वाचा. पडून राहिलेल्या माणसाला दिसतं तरी काय? छत, खिडकीचा एक तुकडा आणि येणारी-जाणारी माणसं. आरशामुळे फ्रिडाला दिवसभर न हलणारं, कधीही उपलब्ध असणारं मॉडेल मिळालं : तिचा स्वतःचा चेहरा. पुढे तिच्या चित्रांमध्ये साधारण एक तृतीयांश स्वचित्रं झाली, त्याचं मूळ या मांडणीत आहे.

त्या काळात तिनं काय रंगवलं?

१९२६ मध्ये तिनं पहिलं महत्त्वाचं स्वचित्र पूर्ण केलं. त्यात ती मद्याच्या रंगाच्या मखमली पोशाखात आहे, मान लांब काढलेली आणि मागे काळोखा समुद्र. युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या चित्रांचा प्रभाव त्यावर दिसतो. हे चित्र तिनं आलेहांद्रोसाठी काढलं होतं. त्यांचं नातं तेव्हा तुटायला आलं होतं आणि ते वाचवण्याचा हा प्रयत्न होता. १९२७ मध्ये तो युरोपला गेला. नातं टिकलं नाही, चित्र मात्र टिकलं.

मग तिनं भोवतालची माणसं रंगवायला घेतली. १९२७ मध्ये मैत्रीण अलिसिया गालांत, मित्र मिगेल लिरा आणि बहीण आद्रियाना. १९२८ मध्ये धाकटी बहीण क्रिस्तिना. विषय शोधायला तिला बाहेर जाता येत नव्हतं. जे घरात होतं किंवा घरात येत होतं, तेच कॅनव्हासवर आलं.

१९२८ मध्ये हिंडण्याफिरण्यासारखी झाल्यावर तिनं आपली काही चित्रं प्रसिद्ध भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेराला दाखवली. त्यानं तिला रंगवत राहण्याचा सल्ला दिला. २१ ऑगस्ट १९२९ रोजी दोघांनी लग्न केलं. गहाण पडलेलं घर पुढे दिएगोनंच सोडवलं. हे लग्न वादळी ठरलं. १९३९ मध्ये घटस्फोट झाला आणि १९४० मध्ये त्यांनी पुन्हा लग्न केलं.

चित्रकलेनं ती बरी झाली का?

नाही. प्रेरणादायी पोस्टमध्ये नेमकं हेच गाळलं जातं. चित्रं काढल्यानं पाठ सुधारली नाही. १९४४ मध्ये डॉक्टरांनी तिला स्टीलचं कॉर्सेट घालायला लावलं. त्याच वर्षी तिनं 'भंगलेला स्तंभ' रंगवलं. त्यात कण्याच्या जागी तडे गेलेला दगडी खांब आहे, अंगभर खिळे टोचलेले आहेत आणि पट्ट्यांनी शरीर कसंबसं एकत्र धरलंय. मूळ चित्र साधारण ए३ कागदाएवढंच आहे. नवरा इमारतींच्या भिंती रंगवत होता, तर ती मांडीवर मावेल एवढ्या जागेत आपली पाठ रंगवत होती.

१९४६ मध्ये न्यूयॉर्कला कण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली. दुखणं थांबलं नाही. १९५० सालचा बहुतेक काळ मेक्सिको सिटीतल्या रुग्णालयात गेला आणि त्या एका वर्षात पाठीवर ७ शस्त्रक्रिया झाल्या. तिथेही पलंगाला ईझल लावून ती काम करत होती. प्लास्टरच्या कॉर्सेटवरही तिनं चित्रं काढली.

मधल्या काळात तिनं शिकवलंही. १९४३ पासून ती 'ला एस्मेराल्दा' या कलाशाळेत शिकवायची. प्रवास झेपेना, तेव्हा विद्यार्थीच कोयोआकानला घरी येऊ लागले.

एप्रिल १९५३ मध्ये मेक्सिकोत तिचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं. डॉक्टरांनी अंथरूण सोडायला मनाई केली होती. तिनं पलंगच गॅलरीत पाठवला, स्वतः रुग्णवाहिकेतून आली आणि पलंगावरून पाहुण्यांचं स्वागत केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शेवटच्या वर्षांत वेदनाशामक औषधं आणि दारू दोन्ही वाढली होती. एके काळी केसागणिक रेषा काढणारा तिचा ब्रश शेवटच्या फळांच्या चित्रांत सैल, भरड झालेला दिसतो. १३ जुलै १९५४ रोजी तिचं निधन झालं.

आज पाठ धरून घरी बसलेल्यांसाठी यात काय आहे?

आधी एक खुलासा. नेहमीच्या पाठदुखीसाठी दीर्घकाळ अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला डॉक्टर आता देत नाहीत. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवायला सांगतात. मोडलेला मणका किंवा शस्त्रक्रिया ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे किती पडायचं, किती चालायचं हे उपचार करणारे डॉक्टरच ठरवणार. फ्रिडाची कहाणी हा उपचाराचा नमुना नाही.

ती वाचायची ती वेगळ्या कारणासाठी. घरात कुणी आजारी पडलं की आपण त्याला मनाला गुंतव, वेळ सत्कारणी लाव, असं सांगून मोकळे होतो. काहलोंच्या घरानं सल्ला दिल्याचं दिसत नाही. बापानं आपली रंगांची पेटी दिली. आईनं सुताराला बोलावलं. बहिणी समोर बसून राहिल्या. घर गहाण असताना हे सगळं झालं. पडलेल्या माणसाचा हात जिथे पोहोचतो तिथे वस्तू आणून ठेवण्याचं हे काम होतं आणि ते आजारी माणूस स्वतः करू शकत नाही.

दुसरं म्हणजे, त्या खोलीत तेव्हा कुणालाही मोठी चित्रकार घडवायची नव्हती. एका १८-१९ वर्षांच्या मुलीचे दिवस सरत नव्हते, ते सरावेत एवढीच सगळ्यांची धडपड होती. त्यातून काही निर्माण झालं नसतं, तरी ईझल बनवणं फुकट गेलं नसतं.

कोयोआकानचं ते निळं घर १९५८ मध्ये संग्रहालय म्हणून खुलं झालं. छताला आरसा असलेला पलंग आजही तिथे आहे आणि जगभरातून आलेले लोक रांग लावून तो पाहतात.