बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि चार मिनिटांचा किलोमीटर

हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत संपवायची, हे आज अनेकांचे ध्येय असते. त्यासाठी एक किलोमीटर सुमारे ५ मिनिटे ४० सेकंदांत धावावे लागते. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले शंभर वर्षांपूर्वी दर किलोमीटरला चारच मिनिटे घेत होते, तेही दुप्पट अंतरावर!

१९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले. त्यांच्याच पुढाकाराने १९२० मध्ये भारतीय संघ ॲन्टवर्प ऑलिम्पिकला गेला. संघात चौगुले होते.

तिथली मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे नेहमीपेक्षा लांब. हवा थंड, पावसाळी. फिनलंडचा कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत जिंकला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले.

हा क्रमांक किरकोळ वाटेल, पण शरीराचा हिशेब पाहा. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा तीसेक किलोमीटरनंतर संपत येतो. मग शरीराला चरबीवर अधिक अवलंबून राहावे लागते, ती ऊर्जा सावकाश मिळते आणि पाय जड होतात. आज त्या टप्प्यासाठी एनर्जी जेलची पाकिटे खिशात असतात. तेव्हा ती नव्हती. त्या वेगाने हाफ मॅरेथॉन १ तास २४ मिनिटांत संपते. चौगुलेंना तिथून पुढे आणखी साडेएकवीस किलोमीटर जायचे होते.