पाठकोऱ्या पाकिटावरची मोहीम

हिमालयात पदभ्रमणाच्या सहली नेणाऱ्या संस्थांच्या माहितीपत्रकांत अलीकडे काही आश्वासने हमखास आढळतात. गट लहान असेल, वाटाड्या त्याच खोऱ्यातला असेल, जेवण स्थानिक असेल आणि मागे कचरा राहणार नाही. ही कल्पना नव्या काळाची वाटते. प्रत्यक्षात नव्वद वर्षांपूर्वी एका इंग्रज गिर्यारोहकाने ती हयातभर आचरली आणि बऱ्याच अंशी तिच्यापायीच एव्हरेस्ट मोहिमेचे नेतृत्व गमावले. त्यांचे नाव एरिक शिप्टन.

शिप्टन यांचा जन्म १ ऑगस्ट १९०७ रोजी तेव्हाच्या सिलोनमध्ये झाला. वडील चहाचे मळेवाले. मुलगा तीन वर्षांचाही नसताना ते वारले. शाळेत अक्षरओळखीपासूनच अडखळणाऱ्या या मुलाकडून कुणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. विद्यापीठाची वाट न धरता १९२८ मध्ये ते केनियात कॉफीच्या मळ्यावर गेले. तिथे माउंट केनियाच्या सुळक्यांवर त्यांचे नाव झाले आणि तिथलाच एक मळेवाला, बिल टिलमन, त्यांना जोडीदार म्हणून लाभला. टिलमन कमालीचे मितभाषी. महिनोन् महिने एका तंबूत राहूनही ही जोडी एकमेकांना आडनावानेच हाक मारीत असे.

१९३१ साली शिप्टन गढवालमधील ७,७५६ मीटर उंचीच्या कामेत शिखरावर पोचले. तोवर मानवाचे पाऊल लागलेले ते सर्वांत उंच शिखर होते आणि त्या यशात लेवा या शेर्पाचाही वाटा होता. पाठोपाठ १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत त्यांची निवड झाली. तिबेटमधून शेकडो जनावरांवर सामान लादून निघालेला तो तांडा म्हणजे फिरते गावच. खोक्यांत बंद केलेले इंग्लंडचे खाद्यपदार्थ, भलेमोठे तंबू, माणसांची ये-जा. एवढे करूनही शिखर हाती आले नाहीच. या थाटाचा शिप्टन यांना जो उबग आला, तो कायमचा.

त्याचे उत्तर त्यांनी १९३४ मध्ये दिले. नंदादेवी या ७,८१६ मीटर उंच शिखराभोवती सुमारे ११० किलोमीटर परिघाची पर्वतांची तटबंदी आहे. तिला फट एकच, ऋषिगंगेची घळ. शिखर दुरून सर्वांना दिसे, पण त्याच्या पायथ्याशी कुणालाच जाता आले नव्हते. डॉ. लाँगस्टाफ यांच्यासारखे निष्णात गिर्यारोहक तिथून परतले होते. शिप्टन आणि टिलमन मालवाहू जहाजातून कोलकात्याला उतरले. सोबतीला तीन शेर्पा घेतले : आंग थार्के, पासांग आणि कुसांग. पाच जण आणि जेमतेम तीनशे पौंडांचे अंदाजपत्रक. पाकिटाच्या पाठकोऱ्या बाजूवर जिचा आराखडा मावत नाही ती मोहीम फाजील मोठी, असे या जोडीचे मत सांगितले जाते. इथे ते अक्षरशः उतरले.

साहेबांनी पुढे चालायचे, हमालांनी मागून ओझी आणायची, हा त्या काळचा रिवाज त्यांनी मोडला. पाचही जणांनी पाठीवर ओझी घेतली, एकाच भांड्यातले खाल्ले आणि वाट कुठून काढायची यात शेर्पांचा सल्ला मानला. घळीच्या उभ्या भिंतींवरून सामानाच्या खेपा करीत अखेरच्या काही किलोमीटरना कित्येक दिवस लागले. पण आत पाऊल पडले तेव्हा समोर कुरणे होती, रानफुले होती आणि माणसाला न बुजणारे भरल होते.

पावसाळ्यात ते घळीतून बाहेर पडले आणि वेगळ्याच शोधाला लागले. बद्रीनाथ आणि केदारनाथ या दोन्ही देवळांत एकच पुजारी एकाच दिवशी पूजा करीत असे, अशी आख्यायिका त्या भागात सांगतात. मग मधली वाट असली पाहिजे! बद्रीनाथच्या बाजूने हिमनदीवरून चढून हे पाच जण जलविभाजक ओलांडून पलीकडे उतरले, ते थेट अस्वलांच्या राज्यातील घनदाट बांबूच्या रानात. शिधा संपत आला, पाऊस थांबेना. तेव्हा बांबूचे कोवळे कोंब, कोकणात ज्यांना वास्ते म्हणतात तेच, उकडून खाण्यावर त्यांची गुजराण झाली. काय खावे आणि काय टाळावे याची जाण शेर्पांना होती. स्थानिक माणूस सोबत असणे म्हणजे काय, हे माहितीपत्रकापेक्षा या काही दिवसांवरून अधिक कळते. सप्टेंबरमध्ये ते पुन्हा नंदादेवीच्या अंतर्भागात गेले आणि या वेळी दक्षिणेकडील अवघड खिंड उतरून बाहेर पडले.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. शिप्टन यांना आपण आजच्या अर्थाने पर्यावरणवादी ठरवू नये. त्यांना हवे होते ते स्वातंत्र्य. सामान जितके कमी, तितकी पावले हलकी आणि खोरी अधिक. शेर्पांशी असलेले नातेही पूर्णतः बरोबरीचे नव्हते. ते अखेर मालक आणि नोकर होते, साम्राज्याच्या सावलीत वावरत होते. तरीही त्या चौकटीत त्यांनी आंग थार्के यांच्याशी जी मैत्री जपली ती निराळीच होती. पुढची सतरा वर्षे शिप्टन यांच्या बहुतेक मोठ्या प्रवासांत हा ठेंगणा, तरतरीत सरदार सोबत राहिला. १९५० च्या फ्रेंच अन्नपूर्णा मोहिमेचे सरदारही तेच.

१९३५ च्या एव्हरेस्ट पाहणीचे नेतृत्व शिप्टन यांना मिळाले, तेव्हा त्यांनी छोट्या तुकडीचाच आग्रह धरला. स्थानिक अन्नावर भिस्त ठेवून त्या मोसमात तुकडीने वीस हजार फुटांवरील २६ शिखरे सर केली. याच वेळी दार्जिलिंगमध्ये शेर्पांची निवड करताना त्यांनी कुठल्याही मोहिमेचा अनुभव नसलेल्या एका हसऱ्या तरुणाला रांगेतून उचलले. त्याचे नाव तेनझिंग नोर्गे. १९३७ मध्ये काराकोरममधील शक्सगाम खोऱ्यात चार गोरे आणि सात शेर्पा एवढ्याच बळावर नकाशावरचा कोरा प्रदेश मोजला गेला.

महायुद्धाच्या काळात आणि नंतर त्यांनी काशगर व कुनमिंग येथे वकिलातीची नोकरी केली. चीनमध्ये सत्तांतर झाल्यावर ते मायदेशी परतले आणि १९५१ मध्ये नेपाळमार्गे एव्हरेस्टची वाट शोधायला निघाले. ऐनवेळी दोन न्यूझीलंडवासीयांना त्यांनी तुकडीत घेतले. त्यांतला एक एडमंड हिलरी. खुंबूच्या हिमप्रपातातून शिखराकडे जाता येईल हे याच पाहणीत सिद्ध झाले. वृत्तपत्रांनी मात्र शिप्टन यांनी टिपलेल्या हिममानवाच्या कथित पाऊलखुणांचीच चर्चा अधिक केली.

म्हणजे वाट त्यांनी शोधली, तेनझिंग आणि हिलरी यांना त्यांनी निवडले. पण १९५२ च्या चो ओयू मोहिमेत यश आले नाही, फ्रेंच आणि स्विस स्पर्धेत होते आणि लंडनच्या समितीला लष्करी शिस्तीचा नेता हवासा वाटू लागला. शिप्टन यांना आधी नेतृत्व देऊन मग कर्नल जॉन हंट यांच्यासोबत सहनेतृत्वाचा प्रस्ताव पुढे करण्यात आला. ते बाजूला झाले. साडेतीनशेहून अधिक हमालांची ती मोहीम २९ मे १९५३ रोजी यशस्वी झाली. समितीचा हिशेब चुकला असे म्हणता येणार नाही. प्राणवायूची नळकांडी त्या उंचीवर नेणे पाच जणांच्या तुकडीचे काम नव्हते आणि शिप्टन यांना मोठी व्यवस्था सांभाळण्यात रस नव्हता. पण ज्या रीतीने त्यांना दूर केले, ती शोभणारी नव्हती.

पुढची काही वर्षे कठीण गेली. संसार मोडला, युवकांच्या प्रशिक्षण केंद्रातील नोकरी सुटली, काही काळ त्यांनी जंगलात मजुरी केली. मग पन्नाशीत हा माणूस पुन्हा उठला आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पॅटागोनियात गेला. १९६०-६१ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांसह तिथला विस्तीर्ण हिमप्रदेश पायी ओलांडला.

२८ मार्च १९७७ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी उघडलेल्या नंदादेवीच्या अंतर्भागात तेव्हा वर्दळ सुरू झाली होती. १९७४ नंतर मोहिमांची रीघ लागली. सरपणासाठी जुनिपर तोडले गेले, तळांवर डबे आणि घाण साचली. पाच माणसांनी शोधलेल्या वाटेवरून गर्दी आत शिरली होती आणि ही वाट छापील पुस्तकात सांगणारे शिप्टनच होते. १९८२ मध्ये सरकारने दार बंद केले. त्याची झळ मात्र ज्यांनी कचरा केला त्यांना लागली नाही. ती लागली लाता, रेणी यांसारख्या गावांतील भोटिया कुटुंबांना. त्यांची उन्हाळी कुरणे गेली आणि वाटाड्या म्हणून मिळणारी कमाईही. २००१ मध्ये लाता गावाने पर्यटन गावकऱ्यांच्या हाती राहावे असा जाहीरनामा केला. २००३ मध्ये बाहेरचा पट्टा पर्यटकांसाठी खुला झाला, तो छोट्या गटांना आणि स्थानिक वाटाड्यासोबतच. ऋषिगंगेची आतली घळ, जिथे आंग थार्के, पासांग आणि कुसांग ओझी घेऊन चढले होते, ती तेव्हाही बंदच ठेवण्यात आली.