मात्रा मोजणारा कवी : माधव जूलियन

आपल्या बडोद्यात जन्मलेल्या एका मोठ्या माणसाची आठवण यंदाच्या स्मरणिकेत करावीशी वाटली. कवी माधव जूलियन, म्हणजेच माधव त्र्यंबक पटवर्धन. माझे शिक्षण डिप्लोमापर्यंतचे, नोकरी सरकारी. साहित्याचा अधिकार नाही. पण मोजमापाच्या वहीत आयुष्य गेल्यामुळे हा मोजणारा कवी मला जवळचा वाटतो.

२१ जानेवारी १८९४ रोजी त्यांचा जन्म झाला. फार्सी आणि इंग्रजी विषय घेऊन ते १९१८ मध्ये एम.ए. झाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवू लागले. १९२३ मध्ये सुरू झालेल्या रविकिरण मंडळाचे ते एक प्रमुख कवी. त्यांच्या प्रेमकवितेवर बरीच टीका झाली. पुण्यातील प्राध्यापकी सुटली. काही वर्षांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांना स्थैर्य मिळाले.

लोकांनी ज्याला स्वच्छंदी म्हटले, त्याच कवीने मराठी कवितेची सर्वांत काटेकोर मोजणी केली, हे विशेष. 'छंदोरचना' हा त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये निघाला आणि १९३७ मध्ये वाढवून पुन्हा प्रसिद्ध झाला. पद्याचे त्यांनी तीन प्रकार स्पष्ट केले. ओवी-अभंगासारख्या छंदात अक्षरे मोजायची. वृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला. जातीत मात्रांचा हिशेब. लघूची एक, गुरूच्या दोन.

मनाचे श्लोक आपण लहानपणापासून म्हणतो. त्यांचे वृत्त भुजंगप्रयात. एक लघु आणि दोन गुरू असा तीन अक्षरांचा गट, तो ओळीत चार वेळा. अक्षरे बारा, मात्रा वीस. हाच गट पुन्हा पुन्हा येतो म्हणून चाल न शिकवताही मुले श्लोक एका लयीत म्हणतात आणि ते पाठ होतात. ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. त्या मोकळ्या चरणावर जात्यावरच्या बाईला श्वास घेता येतो, असे मला वाटते.

फार्सीतली गझल त्यांनी मराठीत आणली. 'गज्जलांजली' १९३३ ची. गझलेत यमकानंतर तोच शब्द प्रत्येक द्विपदीच्या शेवटी पुन्हा येतो. शब्द तोच, पण आधीची ओळ बदलली की त्याचा अर्थ नवा लागतो.

फार्सी-मराठी कोश करणाऱ्या या पंडिताने पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कार केला आणि स्वतःच्या जुन्या कवितांतले फार्सी शब्द बदलले. वृत्त सांभाळून एक शब्द काढायचा, तर त्याच मापाचा दुसरा शोधावा लागतो. आपलेच काम असे पुन्हा तपासायला किती जण तयार होतात?

१९३६ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने 'छंदोरचना'साठी त्यांना डी.लिट. दिली. मराठी ग्रंथाला मिळालेली ती पहिलीच. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

आपल्या मुलांच्या शाळेत आता मराठी नाही. निदान या दहा दिवसांत त्यांना मांडवात बसवून, टाळी देत मनाचे श्लोक म्हणायला लावू या. पहिलाच श्लोक गणरायाच्या वंदनाचा आहे. लय आधी अंगात भिनू द्या. अर्थ ती पुढे आपणहून विचारतील.