किडरमिन्स्टरचे पाळक रिचर्ड बॅक्स्टर

पाळकाला ईश्वरविज्ञानाचा काय उपयोग, असा प्रश्न ख्रिस्ती मंडळ्यांत वरचेवर ऐकूं येतो. आजाऱ्याची भेट घ्यावी, गरिबाला साह्य करावें, रविवारीं चार सोप्या गोष्टी सांगाव्या. गहन सिद्धांत पंडितांनीं पाहावे, असें पुष्कळांस वाटतें. ह्या प्रश्नाचें उत्तर वादानें देण्यापेक्षां एका पाळकाच्या चरित्रानें द्यावें हें बरें.

रिचर्ड बॅक्स्टर ह्यांचा जन्म १६१५ सालीं इंग्लंडांतील श्रॉपशायर परगण्यांत रौटन येथें झाला. त्यांची प्रकृति जन्मभर नाजूक होती. विद्यापीठांत शिकण्याचा योग त्यांस आला नाहीं. त्यांनीं जी विद्या संपादन केली ती बहुतेक स्वतः ग्रंथ वाचून. १६३८ सालीं त्यांस धर्मसेवेची दीक्षा मिळाली, व डडली येथील शाळेंत ते शिक्षक झाले. १६४१ सालीं किडरमिन्स्टरच्या मंडळीनें त्यांस उपदेशक म्हणून बोलाविलें. तेथील वस्ती मुख्यतः विणकरांची, आणि बहुतेक लोक गरीब.

पुढच्याच वर्षीं राजा व पार्लमेंट ह्यांच्यामध्यें युद्ध पेटलें. बॅक्स्टर कांहीं काळ पार्लमेंटच्या सैन्यांत धर्मोपदेशक होते. १६४७ सालीं ते इतके आजारी पडले कीं, मृत्यु समोर दिसूं लागला. त्या अंथरुणावर त्यांनीं भक्तांच्या सार्वकालिक विसाव्याविषयीं लिहावयास आरंभ केला. तें पुस्तक १६५० सालीं प्रसिद्ध होऊन घरोघर वाचलें गेलें. सिद्धांत हा मरणाऱ्या माणसाचा आधार होऊं शकतो, हें ते स्वानुभवानें शिकले.

बरे होऊन ते किडरमिन्स्टरास परतले. त्यांचे उपदेश ऐकण्यास एवढी गर्दी होऊं लागली कीं, उपासनामंदिरांत नवे सज्जे बांधावे लागले. परंतु गर्दी पाहून ते भुलले नाहींत. कित्येक लोक वर्षानुवर्षें उपदेश ऐकूनही ख्रिस्त कोण, हें सांगूं शकत नाहींत, असें त्यांस आढळून आलें. मग त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें प्रत्येक सोमवार व मंगळवार ह्याच कामाला वाहिला. आठवड्यास पंधरा-सोळा कुटुंबें, ह्या मानानें आठशेंहून अधिक कुटुंबांची फेरी वर्षांत पुरी व्हावयाची. प्रथम प्रश्नोत्तरावली म्हणून घ्यावी, मग तिचा अर्थ विचारावा, आणि शेवटीं त्या सत्याप्रमाणें वागण्याविषयीं प्रेमानें विनवावें, असा त्यांचा क्रम होता. दहा वर्षांच्या उपदेशानें जें साधलें नाहीं, तें कित्येकांच्या बाबतींत अर्ध्या तासाच्या संभाषणानें साधलें, असा त्यांचा अनुभव होता.

ज्यांच्यापाशीं पवित्र शास्त्र नव्हतें अशा गरिबांस त्यांनीं तें दिलें. गांवांत वैद्य नव्हता, तेव्हां कित्येक वर्षें फुकट औषध दिलें, आणि पुढें एक वैद्य आणून वसविला. विणकर मागावर बसून पुस्तक समोर ठेवीत व वाचीत. पाळकांनीं कसें वागावें ह्यावर बॅक्स्टर ह्यांनीं १६५६ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो पाळक आजही वाचतात. दुसऱ्यांचे आत्मे सांभाळणाऱ्यानें प्रथम आपला आत्मा सांभाळावा, हें त्याचें सार होय.

ते निर्दोष होते असें आम्ही म्हणत नाहीं. वाद करूं लागले म्हणजे त्यांस थांबणें कठीण जाई, आणि १६६१ सालीं लंडनांत झालेल्या धर्मपरिषदेंत त्यांच्या लांबलचक प्रतिपादनानें विरोधक अधिकच चिडले. तथापि पदाचा मोह त्यांस नव्हता. १६६० सालीं हेरफर्डचे बिशप होण्याची विनंति त्यांनीं नाकारली. त्यांस हवें होतें केवळ किडरमिन्स्टर. तेंच त्यांस मिळालें नाहीं. १६६२ च्या कायद्यानें सुमारें दोन हजार पाळक आपापल्या जागांवरून दूर झाले. बॅक्स्टर ह्यांसही राज्यमंडळीची सेवा सोडावी लागली. १६८५ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षाच्या सुमारास, नव्या कराराच्या विवरणांत राजद्रोह आहे असा आरोप येऊन त्यांस दंड झाला, आणि सुमारें दीड वर्ष ते कैदेंत राहिले. १६९१ च्या डिसेंबरांत लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. किडरमिन्स्टर त्यांस विसरलें नाहीं. १८७५ सालीं तेथें त्यांचा पुतळा उभारण्यांत आला.

ह्या चरित्रावरून आम्हांस असें दिसतें कीं, ईश्वरविज्ञान व पाळकाची सेवा हीं दोन वेगळीं कामें नव्हेत. आजाऱ्याजवळ बसलेल्या पाळकानें काय बोलावें, हें त्याची देवाविषयींची समजूतच ठरविते. ज्या ज्ञानास विणकराच्या घराची वाट सांपडत नाहीं तें कोरडें राहतें. आणि ज्या सेवेच्या मुळाशीं ज्ञान नाहीं ती संकटांत मुकी होते.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं एवढें ध्यानीं धरावें कीं, पाठ म्हटलें म्हणजे समजलें असें होत नाहीं. अर्थ विचारावयास लाजूं नये. आणि आईबापांनीं हें ध्यानीं धरावें कीं, मुलाला अर्थ विचारणारें पहिलें माणूस घरांतलेंच असावें.