योगशास्त्रकार आचार्य श्री हेमचंद्रसूरी

पाक्षिक प्रतिक्रमणात सकलार्हत् स्तोत्र म्हटले जाते, तेव्हा त्याच्या कर्त्याचे स्मरण आपणांस होतेच असे नाही. ते कर्ते म्हणजे कलिकालसर्वज्ञ आचार्य श्री हेमचंद्रसूरी. व्याकरण, कोश, काव्य, प्रमाणशास्त्र अशा अनेक विषयांत त्यांनी ग्रंथरचना केली. परंतु श्रावकाच्या घरात ज्याचे नित्य वाचन व्हावे असा त्यांचा ग्रंथ ‘योगशास्त्र’ हाच होय.

गुजरातेतील धंधुका येथे विक्रम संवत ११४५ च्या कार्तिकी पौर्णिमेस मोढ वणिक कुळात त्यांचा जन्म झाला. पिता चाचिग, माता पाहिनी, बाळाचे नाव चांगदेव. आचार्य देवचंद्रसूरींनी या बालकाची मागणी केली तेव्हा चाचिग परगावी होते. पाहिनीने पुत्र गुरुचरणी अर्पण केला. परतलेला पिता संतप्त झाला व पुत्राच्या शोधात निघाला. उदयन मंत्र्याने देऊ केलेले द्रव्य त्याने नाकारले आणि अखेरीस स्वेच्छेने संमती दिली, असे प्रबंधकार सांगतात. मातेच्या त्यागाची महती आपण गातो. द्रव्य नाकारणाऱ्या त्या पित्याचेही स्मरण व्हावयास हवे.

खंभात येथे दीक्षा झाली, सोमचंद्र हे नाव मिळाले. विक्रम संवत ११६६ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, ते आचार्यपदी आरूढ झाले. माळवा जिंकून आलेल्या सिद्धराज जयसिंहाच्या इच्छेवरून त्यांनी ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ रचले. त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृताचे व्याकरण असल्याने मराठीच्या अभ्यासकांनाही तो आजवर उपयोगी पडत आला आहे.

इ. स. ११४३ मध्ये कुमारपाल पाटणच्या गादीवर आला. योगशास्त्राची रचना झाली ती याच राजाच्या विनंतीवरून. शस्त्र हाती धरणाऱ्या, राज्यकारभारात आकंठ बुडालेल्या गृहस्थाला योग कसा सांगावा, हा प्रश्न आचार्यश्रींपुढे होता.

आज योग म्हटले की आसने आणि श्वासाचे प्रकार डोळ्यांपुढे येतात. आचार्यश्रींनी मात्र सम्यक् ज्ञान, दर्शन व चारित्र या रत्नत्रयालाच योग म्हटले, आणि त्याचा पाया दुकानात व स्वयंपाकघरात घातला. पहिल्याच प्रकाशात गृहस्थाचे ३५ गुण येतात. त्यांत अग्रस्थान आहे न्यायाने मिळविलेल्या धनाला. मिळकतीप्रमाणे खर्च करावा, शेजार चांगला पाहून घर करावे, अजीर्ण असता भोजन टाळावे, इतक्या साध्या गोष्टी तेथे आहेत. पुढे अणुव्रते, कषायजय, बारा भावना. आणि आसने येतात ती थेट चौथ्या प्रकाशाच्या शेवटी. ज्या आसनाने मन स्थिर होईल ते घ्यावे, एवढीच अट! निपुत्रिक मृताचे धन राजाने घेण्याची जुनी चाल कुमारपालाने बंद केली. विधवांचे अश्रू ज्या उत्पन्नात मिसळले होते ते सोडणे, ही त्या राजाची साधनाच नव्हती काय?

पाचवा प्रकाश सर्वांत दीर्घ असून त्यात प्राणायामाचे सविस्तर वर्णन आहे. लगेच सहाव्यात आचार्यश्री सांगतात, की श्वास कोंडण्याने शरीरास क्लेश होतात, चित्त चंचल होते, मुक्तीसाठी त्याची आवश्यकता नाही. विषय पूर्णपणे मांडून मग त्याची मर्यादा निःसंकोच दाखविणे, हा त्यांचा प्रामाणिकपणा वाटतो.

त्यानंतर ध्यान. पिंडस्थ ध्यानातील पार्थिवी धारणेत साधक मध्यलोकाला क्षीरसागर मानतो, त्यात जंबूद्वीपाएवढे सहस्रदल सुवर्णकमळ पाहतो आणि त्यावरील सिंहासनी स्वतःला शांत बसलेले चिंतितो. मग अग्नी कर्मे जाळतो, वारा ती राख उडवितो, पाऊस उरलेसुरले धुऊन नेतो. दिगंबर आचार्य शुभचंद्रांच्या ‘ज्ञानार्णवा’तही या धारणा आहेत, साधनेच्या या वाटेवर दोन्ही परंपरा किती जवळ आहेत ते यावरून ध्यानी यावे.

बाराव्या प्रकाशात ते शास्त्र व गुरुमुख बाजूला ठेवून स्वानुभव सांगू लागतात. विक्षिप्त, यातायात, श्लिष्ट आणि सुलीन अशा मनाच्या चार अवस्था तेथे येतात. मनाला बळाने आवरू गेल्यास ते अधिकच धावते, मोकळे सोडल्यास आपोआप निवते, हे त्यांचे निरीक्षण माळ घेऊन बसणाऱ्या प्रत्येकास पटेल.

योगशास्त्राचे १२ आणि वीतरागस्तोत्राचे २० असे ३२ प्रकाश कुमारपाल रोज पहाटे म्हणत असे, अशी परंपरा आहे. इ. स. ११७२ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, आचार्यश्रींनी पाटण येथे अनशनपूर्वक देह ठेवला. पाठोपाठ थोड्याच काळात राजानेही इहलोकीची यात्रा संपविली.